त्रिपुरीचा बहर कशाने ओसरला?

त्रिपुरी हे नाव मराठी वाचकाला बहुधा एकाच कारणाने ठाऊक असतं. मार्च १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोसांच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेसचं वादळी अधिवेशन इथे भरलं होतं. त्या अधिवेशनाला ज्या गावाचं नाव मिळालं ते गाव मात्र फारसं कोणी पाहिलेलं नसतं. जबलपूरहून भेडाघाटला निघालं की वाटेत तेवर लागतं. संगमरवराचे कडे आणि धुवांधार गाठायची घाई असलेल्या गाड्या तिथे थांबत नाहीत. हे तेवर म्हणजेच जुनी त्रिपुरी, डाहल देशाच्या कलचुरी राजांची राजधानी. दहाव्या आणि अकराव्या शतकात उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातले कवी, शैव आचार्य, मूर्तिकार आणि राजदूत इथे येत असत. तेराव्या शतकाच्या आरंभी ही राजधानी इतिहासातून जवळजवळ नाहीशी झाली.

युरोपातल्या रेनेसाँचा शेवट कशाने झाला, या प्रश्नावर तिकडे ग्रंथांची कपाटं भरली आहेत. आपल्याकडच्या एखाद्या बहराबद्दल तोच प्रश्न तितक्या गांभीर्याने क्वचित विचारला जातो. ‘परचक्र आलं आणि सगळं गेलं’ एवढ्यावर आपण थांबतो. त्रिपुरीच्या बाबतीत हे उत्तर चुकीचं आहे. ते का चुकीचं, हे समजायला आधी इटलीकडे पाहिलं तर बरंच काही स्पष्ट होतं.

रेनेसाँ कधी संपला याच्या तारखा अनेक सांगितल्या जातात. कोणी ६ मे १५२७ हा दिवस धरतं. त्या दिवशी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या, पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. कोणी १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेकडे बोट दाखवतं. कोणी १६०० हे वर्ष सांगतं, कारण त्या वर्षी ज्योर्दानो ब्रूनोला रोममध्ये जिवंत जाळलं. फेब्रुवारी १५६४ मध्ये मायकेलँजेलो गेला म्हणून तेही वर्ष पुष्कळांना सोयीचं वाटतं. १५६४ हे साल जबलपूरच्या माणसालाही पाठ असतं. त्याच वर्षी जून महिन्यात बरेल्याजवळच्या नर्रई नाल्यापाशी राणी दुर्गावती मोगल सरदार आसफखानाच्या फौजेशी लढता लढता गेली. पण तिच्याबरोबर गढ्याचं गोंड राज्य संपलं का? नाही. ते आणखी दोनशे वर्षांहून अधिक टिकलं. ते संपवलं सागरच्या मराठ्यांनी, १७८१ मध्ये, आणि जबलपूर मराठ्यांचं ठाणं झालं ते त्यानंतर. लढाईची तारीख ठळक असते म्हणून ती लक्षात राहते. एखादी संस्कृती कधी संपली हे त्या तारखेवरून कळत नाही.

म्हणून तारीख बाजूला ठेवून कारणाकडे जाऊ. पंधराव्या शतकातली इटली म्हणजे एक देश नव्हता. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स आणि पोपचं राज्य अशी पाच मोठी सत्ताकेंद्रं आणि त्यांच्या फटींत मांटुआ, फेरारा, उर्बिनो यांसारखे छोटे दरबार होते. यातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या वरचढ दिसायला धडपडत होता. शेजाऱ्याने चर्च बांधलं की आपलं त्याहून उंच हवं, त्याच्याकडे ग्रीक जाणणारा पंडित असला की आपल्याकडे दोन हवेत. या चढाओढीत चित्रकाराला आणि शिल्पकाराला भाव आला. एका दरबारात बिनसलं तर दुसऱ्याचं दार उघडं होतं. लिओनार्दो फ्लॉरेन्स सोडून १४८२ च्या सुमारास मिलानला गेला तो याच मोकळीकीमुळे. कलावंताला अनेक धनी असणं ही त्या काळाची खरी ताकद होती, असं मला वाटतं. मेडिची घराण्याच्या रसिकतेचं फार कौतुक होतं आणि ते रास्तही आहे, पण एकट्या मेडिचींनी रेनेसाँ घडवला नसता.

या मोकळीकीची किंमत काय होती ते मिलानच्या ल्युदोव्हिको स्फोर्झाच्या गोष्टीत दिसतं. हा लिओनार्दोचा आश्रयदाता. ‘अखेरचं भोजन’ हे भित्तिचित्र त्याच्याच काळातलं. आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ प्रचंड ब्राँझचा घोडा घडवायचं काम त्याने लिओनार्दोला दिलं होतं. लिओनार्दोने मातीचा पूर्णाकृती नमुना तयार केला, ओतकामासाठी धातू गोळा झाला. पण त्याच ल्युदोव्हिकोने नेपल्सच्या राजाला शह देण्यासाठी फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सला इटलीत उतरायला फूस दिली. १४९४ मध्ये फ्रेंच फौज आल्प्स ओलांडून आली, आणि घोड्यासाठी साठवलेला धातू तोफा ओतायला फेराराला रवाना झाला. पाच वर्षांनी फ्रेंच मिलानवरच चालून आले. लिओनार्दोने शहर सोडलं. त्याच्या मातीच्या घोड्यावर फ्रेंच तिरंदाजांनी नेमबाजीचा सराव केला. ल्युदोव्हिको स्वतः पुढे पकडला गेला आणि फ्रान्सच्या कैदेत मेला.

कलेला पोसणारा आणि कलेचं घर पाडणारा हा एकच माणूस होता. रसिकतेत आणि राजकारणात त्याची वृत्ती तीच होती, शेजाऱ्यावर मात करण्याची. १४९४ पासून १५५९ पर्यंत इटली फ्रान्स आणि स्पेन यांचं रणांगण बनली. शेवटी मिलान आणि नेपल्स स्पेनच्या ताब्यात राहिले, फ्लॉरेन्सचं प्रजासत्ताक १५३० मध्येच बुडालं होतं. एकमेकांशी स्पर्धा करणारे अनेक धनी उरले नाहीत. मग ट्रेंटच्या धर्मसभेनंतर चर्चने चित्रांवर आणि पुस्तकांवर करडी नजर ठेवली. पोपच्या १५५९ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत मॅकियाव्हेली आणि इरॅस्मस होते. मायकेलँजेलोच्या ‘अंतिम निवाड्या’तल्या नग्न आकृत्यांवर १५६५ मध्ये वस्त्रं रंगवली गेली. चित्रकार व्हेरोनेझेला १५७३ मध्ये धर्मन्यायालयापुढे उभं राहून आपल्या चित्राचं नावच बदलावं लागलं. हे सगळं पूर्वीही घडू शकलं असतं. पण पूर्वी एका राज्यात गळचेपी झाली तर माणूस दुसऱ्या राज्यात जाई. आता जायला जागा कमी उरल्या होत्या. व्यापाराचा ओघ अटलांटिककडे वळला हे कारणही सांगतात आणि त्यात तथ्य आहे. मात्र वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला म्हणून व्हेनिस दुसऱ्या दिवशी भिकेला लागलं नाही. त्या शहराचा मसाल्याचा व्यापार सोळाव्या शतकाच्या मध्यात पुन्हा सावरला होता. व्यापाराची झीज फार सावकाश होते.

आता त्रिपुरीकडे येऊ. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कलचुरींच्या काळाला रेनेसाँ म्हणण्याचा माझा हट्ट नाही. इथे कोणी विसरलेल्या प्राचीनांचा नव्याने शोध घेत नव्हतं, संस्कृत विद्या अखंड चालूच होती. पण अनेक राजदरबारांच्या चढाओढीतून विद्येला आणि कलेला आलेला बहर आणि त्याच चढाओढीने झालेला त्याचा अंत, एवढं साम्य मला पुरेसं वाटतं.

या बहराच्या आरंभी उभा आहे तो एक मराठी माणूस, आजच्या शब्दात बोलायचं तर. कवी राजशेखर यायावर कुळातला. ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून गौरवलेला अकालजलद हा त्याचा पणजोबा. राजशेखर आधी कनौजला प्रतिहार राजांकडे होता. दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राष्ट्रकूट इंद्राने कनौजवर स्वारी केली, ती राजधानी हादरली, आणि राजशेखर त्रिपुरीला युवराजदेव पहिला याच्या दरबारात आला. त्याचं ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक याच दरबारात रंगलं. ‘काव्यमीमांसा’ही त्याने इथेच लिहिली असं अभ्यासक मानतात. म्हणजे कनौजचा तोटा तो त्रिपुरीचा लाभ ठरला. चढाओढीचा हा पहिला घास त्रिपुरीच्या पदरात पडला होता.

‘काव्यमीमांसा’ वाचताना मी दर वेळी एका प्रकरणापाशी रेंगाळतो. राजाने कविसभा कशी भरवावी याचा त्यात आराखडा आहे. सोळा खांबांचा मंडप, चार दारं, मधोमध राजाचं आसन. उत्तरेला संस्कृत कवी बसावेत, त्यांच्या मागे वेदज्ञ, तार्किक, वैद्य, ज्योतिषी. पूर्वेला प्राकृत कवी आणि त्यांच्या मागे नट, नर्तक, गायक, वादक. पश्चिमेला अपभ्रंश भाषेतले कवी, आणि त्यांच्या मागे चित्रकार, जडावाचं काम करणारे, सोनार, सुतार, लोहार. दक्षिणेला भूतभाषेचे कवी आणि त्यांच्यामागे गणिका, डोंबारी, गारुडी. प्रत्यक्षात सभा अशीच भरत असे असा दावा करता येणार नाही, हा आदर्श आहे. पण लोहार-सुतारांना कवींच्या पंगतीत बसवण्याची कल्पना ज्याला सुचते त्याच्या भोवतालच्या जगात या माणसांची ये-जा असणार. फ्लॉरेन्समध्ये चित्रकारांची नोंद वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात होत असे. लिओनार्दोचा गुरू व्हेरोक्योच्या कारखान्यात चित्रं रंगत, ब्राँझ ओतलं जाई, आणि तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटावरचा तांब्याचा गोळाही तिथेच घडला. हातांनी काम करणारे आणि शब्दांनी काम करणारे एका छपराखाली आले की काहीतरी नवं जन्मतं. राजशेखराने आणखी एक गोष्ट ठणकावून सांगितली आहे. प्रतिभा आत्म्याची असते, ती बाई-पुरुष असा भेद पाहत नाही, म्हणून स्त्रियाही कवी होतात. काव्यशास्त्राच्या चर्चेत तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मतं तिचं नाव घेऊन नोंदवतो. दहाव्या शतकातल्या ग्रंथात हे वाचताना अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

युवराजदेवाने मत्तमयूर परंपरेच्या शैव आचार्यांना डाहल देशात आणलं आणि मठांना गावं दिली. त्याची राणी नोहला हिने शिवमंदिर उभारलं. भेडाघाटच्या टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं वर्तुळाकार मंदिर साधारण याच काळातलं. नाव चौसष्टांचं असलं तरी भिंतीत ८१ कोनाडे आहेत, आणि बऱ्याच मूर्तींच्या पायथ्याशी त्या त्या देवीचं नाव कोरलेलं आहे. पाटीवर नावं घालून मूर्ती मांडणाऱ्या या शिल्पशाळेत वाचता येणारा कारागीर होता, हे त्यावरून कळतं.

अकराव्या शतकात गांगेयदेवाने प्रयाग-काशीपर्यंत हात पोचवले आणि सोन्याची नाणी पाडली. एका बाजूला तीन ओळींत राजाचं नाव, दुसरीकडे मांडी घालून बसलेली चार हातांची लक्ष्मी. हे नाणं इतकं चाललं की चंदेल, गाहडवाल अशा शेजाऱ्यांनी त्याची नक्कल केली, आणि दीडएक शतकाने महंमद घोरीनेही उत्तर हिंदुस्थानात लक्ष्मीचंच नाणं पाडलं. शेजारी एकमेकांचं पाहून शिकत होते. आणि एकमेकांवर चालूनही जात होते.

गांगेयदेवाचा मुलगा कर्ण म्हणजे त्रिपुरीचा ल्युदोव्हिको, पण त्याच्याहून कितीतरी मोठ्या मापाचा. साधारण १०४१ ते १०७३ एवढा त्याचा राज्यकाळ. काशीला त्याने कर्णमेरू नावाचं मंदिर बांधलं, त्रिपुरीशेजारी कर्णावती वसवली. तिच्या जागेला आज कर्णबेल म्हणतात. काश्मीरचा कवी बिल्हण आश्रय शोधत मथुरा, कनौज, प्रयाग, काशी करत त्याच्या दरबारात आला आणि तिथे गंगाधर नावाच्या कवीला त्याने वादात हरवलं. बिल्हणाला धारच्या भोजराजाकडेही जायचं होतं. भोज म्हणजे त्या युगातला सर्वांत विद्वान राजा. व्याकरण, वास्तुशास्त्र, काव्यशास्त्र, सगळ्यांवर त्याच्या नावे ग्रंथ आहेत. पण भोज आधीच गेला होता. आणि भोजाच्या अखेरच्या दिवसांत माळव्यावर चालून गेलेल्यांत गुजरातचा भीम आणि त्रिपुरीचा हाच कर्ण होता. नागपूरच्या संग्रहालयात माळव्याच्या परमार राजांची एक मोठी शिलालेखीय प्रशस्ती आहे. भोजानंतर कर्णाच्या लोंढ्यात बुडालेली पृथ्वी उदयादित्याने वराहासारखी वर काढली, असं वर्णन त्यात आहे. कवींचं स्वागत करणाऱ्या कर्णाने कवींचं दुसरं मोठं घर उद्ध्वस्त करायला हात लावला होता.

शेजारीही गप्प बसणारे नव्हते. बुंदेलखंडच्या चंदेल कीर्तिवर्म्याचा सेनानी गोपाल याने कर्णाचा पराभव केला, आणि त्या विजयाच्या आनंदात कृष्णमिश्राचं ‘प्रबोधचंद्रोदय’ हे नाटक खेळलं गेलं. विवेक आणि मोह यांच्या युद्धाचं हे तत्त्वज्ञानपर नाटक पुढे देशभर वाचलं गेलं, पण त्याच्या प्रस्तावनेत कर्णाच्या पराभवाची बढाई आहे. बिल्हण पुढे दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्यांकडे स्थिरावला आणि तिथे लिहिलेल्या काव्यात, चालुक्य राजाने कर्णाला कसं धुळीला मिळवलं तेही त्याने गायलं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध कवी लिहितो म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दरबारातून दरबारात फिरणं हीच त्याची उपजीविका होती. चढाओढ होती म्हणून बिल्हणाला चार दारं मिळाली, आणि तीच चढाओढ प्रत्येक दाराला आग लावत होती.

कर्णानंतरची शंभर-सव्वाशे वर्षं वाचताना मन उदास होतं. लढाया काही फार मोठ्या नाहीत, पण ताम्रपट आणि शिलालेख ओळीने लावले की राज्य आकसत जाताना दिसतं. कर्णाचा मुलगा यशःकर्ण याच्या हातून काशी निसटली, गाहडवालांनी ती घेतली. परमार लक्ष्मदेव त्रिपुरीवर चालून आला आणि रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठी त्याच्या हत्तींचा तळ पडला, हेही त्या नागपूरच्या प्रशस्तीतच कोरलेलं आहे. छत्तीसगडातली रत्नपूरची शाखा वेगळी झाली. यशःकर्णाने आपला राजगुरू रुद्रशिव याला उत्तरेकडचं एक गाव दान दिलं होतं. ११२० च्या एका ताम्रपटात तेच गाव गाहडवाल राजा गोविंदचंद्राच्या संमतीने दुसऱ्याच्या नावे झालेलं दिसतं. त्या दानावर मठ चाले, पाठशाळा चाले, लेखनिक आणि मूर्तिकार पोसले जात. राजाचा मुलूख गेला की मठाची गावं जातात, आणि मठाची गावं गेली की शिकवणारा आणि शिकणारा दोघंही उपाशी राहतात. त्रिपुरीचा ऱ्हास समजून घ्यायचा तर रणांगणापेक्षा हे गावांचे व्यवहार अधिक बोलके आहेत.

तरीही शेवटच्या काळात एक नाव उजळून दिसतं, राणी अल्हणदेवीचं. ही मेवाडच्या गुहिल घराण्यातली, आईकडून माळव्याच्या परमार उदयादित्याची नात, म्हणजे ज्या घराण्याशी कर्णाने वैर घेतलं त्याच घराण्याचं रक्त. तिचं लग्न कर्णाचा नातू गयाकर्ण याच्याशी झालं. ११५५ मध्ये, मुलगा नरसिंह गादीवर असताना, तिने भेडाघाटला शिवमंदिर बांधलं. त्याला जोडून मठ, अध्ययनासाठी शाळा आणि बागा. खर्चासाठी दोन गावांचं उत्पन्न लावून दिलं. शिलालेखात रचनाकार कवी शशिधर, लिहिणारा त्याचा भाऊ पृथ्वीधर, बांधकाम आखणारा सूत्रधार पीथे आणि अक्षरं कोरणारा महीधर, सगळ्यांची नावं आहेत. राज्य आकसलेलं असताना शाळा बांधणाऱ्या या राणीची जबलपुरात आठवण फार कमी निघते, याची मला खंत वाटते. तो शिलालेखही इथे नाही. एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृतज्ञाने तो अमेरिकन ओरिएंटल सोसायटीला दिला आणि दगड समुद्रापार न्यू हेवनला गेला.

११७४ मध्ये राजगुरू विमलशिव अजून मंदिर बांधू शकत होता. त्यानंतर अडतीस वर्षांनी, १२१२ चा धुरेटीचा ताम्रपट येतो. यात राजा कलचुरी नाही, चंदेल त्रैलोक्यमल्ल आहे. आणि लेखाचा विषय दान नाही. विमलशिवाच्या परंपरेतला शांतशिव नावाचा शैव आचार्य एक गाव गहाण ठेवतो आहे. ज्या आचार्यांना राजे गावं वाहत होते त्यांच्यावर गाव गहाण टाकायची वेळ आली. त्रिपुरीचा शेवट कुठे शोधायचा असेल तर मी या ताम्रपटावर बोट ठेवीन.

या साऱ्या हकिकतीत परकी आक्रमक नाहीत. दिल्लीची सल्तनत याच सुमारास उभी राहत होती, पण कलचुरींना खिळखिळं केलं ते परमार, चंदेल, गाहडवाल आणि चालुक्य या त्यांच्याच संस्कृतीतल्या, त्यांच्याच देवांना भजणाऱ्या, त्यांच्याच कवींना पोसणाऱ्या शेजाऱ्यांनी. कलचुरींनीही त्यांचं तेच केलं. पुढे उत्तरेकडून फौजा आल्या तेव्हा एकमेकांना दमवून बसलेली राज्यं त्यांच्यासमोर होती. इटलीत चार्ल्स आठवा आला तोही असाच, आतल्या भांडणाचं बोलावणं घेऊन. मॅकियाव्हेलीने ‘प्रिन्स’च्या शेवटी इटलीला एक होण्याची कळकळीची हाक दिली. आपल्याकडे अशी हाक कोणी घातल्याचं त्या काळच्या लेखांत दिसत नाही. प्रत्येक प्रशस्तीत दुसऱ्याची राजधानी जाळल्याचा गौरवच आहे.

मग फरक कुठे पडला? इटलीतला बहर ओसरला तरी त्याचं बी तोपर्यंत बाहेर पडलं होतं. व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियसने १४९५ ते १४९८ या काळात ॲरिस्टॉटल ग्रीकमध्ये छापला होता. कोपर्निकस बोलोन्या आणि पादुआला शिकला, त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापला गेला. व्हेसेलियसने पादुआत शवविच्छेदन केलं, त्याचा शरीररचनेवरचा ग्रंथ त्याच वर्षी बासेलला छापला. एका शहरात बंदी आलेलं पुस्तक दुसऱ्या शहरात छापलं जाई. आश्रयदाता मेला तरी हजार प्रती शिल्लक राहत. त्रिपुरीजवळ असं यंत्र नव्हतं, ताडपत्र होतं, आणि ताडपत्राची नक्कल करायला लेखनिक हवा, लेखनिकाला पोट असतं. ‘काव्यमीमांसा’ची अठरा अधिकरणं राजशेखराने योजली होती. आज हाती आहे फक्त पहिलं, ‘कविरहस्य’. तेही जैन ग्रंथभांडारांतल्या पोथ्यांनी जपलं म्हणून. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात गायकवाड ओरिएंटल सिरीज सुरू झाली, तिचा पहिला ग्रंथ म्हणून ‘काव्यमीमांसा’ छापली गेली.

आणि कलचुरींचा इतिहास दगड-तांब्यांतून परत जुळवण्याचं काम केलं तेही एका मराठी पंडिताने. कोकणात जन्मलेले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी नागपुरात राहून कलचुरी-चेदी संवतातले लेख वाचले, तपासले, आणि १९५५ मध्ये ते दोन भागांत भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे प्रसिद्ध झाले. वर सांगितलेले बहुतेक दानलेख सलगपणे वाचायचे तर त्यांच्याच ग्रंथाकडे जावं लागतं. त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे तेवरला उत्खनन केलं. इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. कलचुरींची रत्नपूरची शाखा त्रिपुरीनंतर पाचशे वर्षं टिकली होती. तिला १७४१ मध्ये नमवलं नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंतांच्या फौजेने. मिराशींचं काम वाचताना हे लक्षात ठेवणं मला आवश्यक वाटतं.

एक धागा मात्र तुटला नाही, आणि तो दक्षिणेत सापडतो. आंध्रातल्या गुंटूर भागात मलकापुरम् इथे १२६१ चा एक शिलालेख आहे, काकतीय रुद्रमादेवीच्या काळचा. राजगुरू विश्वेश्वरशंभू याच्या मठाची हकिकत तो सांगतो, आणि आपली परंपरा कुठून आली तेही सांगतो. भागीरथी आणि नर्मदा यांच्या मधल्या डाहल देशात सद्भावशंभू नावाचा आचार्य होता, कलचुरी युवराजदेवाने त्याला तीन लाख गावं दिली, त्यातून गोळकी मठ उभा राहिला. तीन लाख हा आकडा अर्थातच गौरवाचा आहे. पण त्रिपुरीत कलचुरींचं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं तेव्हा कृष्णेकाठी हे आचार्य युवराजदेवाचं नाव घेत होते, आणि काकतीयांनी दिलेल्या गावाच्या उत्पन्नातून वेदांचे आणि शास्त्रांचे अध्यापक, अन्नछत्र, रुग्णालय आणि बाळंतिणींसाठी प्रसूतिशाळा चालवत होते.